नवा करार लिहिला गेला त्या क्रमाने कसा वाचावा

नवा करार प्रथमच हाती घेणारा वाचक साहजिकच पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि पहिल्याच पानावर अडखळतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आरंभी अब्राहामापासून योसेफापर्यंतची वंशावळ दिलेली आहे. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे आणि त्यांत ओळखीची म्हणावीत अशी दोन-चारच नावे! मीही पहिल्या वेळी तेथेच पुस्तक मिटून ठेवले होते. काही वर्षांनी पुन्हा उघडले ते दुसऱ्या टोकाने, म्हणजे ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल याच्या एका लहानशा पत्रापासून, आणि त्यानंतर ख्रिस्ती धर्माच्या आरंभाची कथा जशी उलगडत गेली तशी ती छापील क्रमाने कधीच उलगडली नसती, असे मला आजही वाटते. ही वाचनाची रीत येथे मांडली आहे. ती श्रद्धावंतासाठी जेवढी उपयोगी आहे तेवढीच इतिहासाच्या कुतूहलाने वाचणाऱ्यासाठीही आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवा करार हा एका लेखकाचा सलग ग्रंथ नाही. त्यात २७ लिखाणे आहेत : चार शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये, पौलाच्या नावावरची तेरा पत्रे, इब्री लोकांस पत्र, आणखी सात पत्रे आणि शेवटी प्रकटीकरण. ही सगळी ग्रीक भाषेत, साधारण इ.स. ५० ते पुढच्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात लिहिली गेली. त्यांची आजची मांडणी मात्र विषयानुसार आहे. येशूचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने आधी, मग मंडळीच्या म्हणजे ख्रिस्ती समुदायाच्या सुरुवातीचा वृत्तांत आणि नंतर पत्रे. पौलाच्या पत्रांचा क्रम तर चक्क लांबीवरून लागलेला आहे. आधी मंडळ्यांना लिहिलेली पत्रे, त्यांत सर्वांत मोठे रोमकरांस म्हणून पहिले, मग व्यक्तींना लिहिलेली, त्यांत फिलेमोनाला लिहिलेले पंचवीस वचनांचे पत्र सर्वांत शेवटी. कोणते आधी लिहिले आणि कोणते नंतर, हे या क्रमावरून कळत नाही.

हाताशी काय असावे

तळटीपा आणि संदर्भवचने असलेली प्रत घ्यावी. मराठीत बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र सहज मिळते आणि पुढे येणारी नावे त्यातल्याच वळणाची आहेत. शक्य झाल्यास दुसरा एखादा अनुवाद शेजारी ठेवावा, कारण दोन अनुवाद जेथे वेगळे पडतात तेथे मूळ ग्रीकमध्ये काहीतरी विचार करण्याजोगे असते. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला होता आणि एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामात गढलेल्या होत्या. त्या अनुवादाची प्रत कोठे ग्रंथालयात दिसली, तर एखादा अध्याय अवश्य ताडून पाहावा. कॅथलिक प्रत घ्यावी की प्रॉटेस्टंट, याची चिंता नव्या करारापुरती करू नये. दोन्हींत तीच २७ पुस्तके असतात, फरक आहे तो जुन्या कराराच्या यादीत. याशिवाय एक वही आणि तीन रंगांच्या पेन्सिली लागतील.

आधी पत्रे

सुरुवात थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राने करावी. पाचच अध्याय आहेत, पाऊण तासाहून कमी वेळात सावकाश वाचून होतात. बहुतेक अभ्यासक हे नव्या करारातले सर्वांत जुने लिखाण मानतात. ते इ.स. ५० किंवा ५१ च्या सुमारास करिंथहून लिहिले गेले, हे ठरवता येते त्यामागे एक शिलालेख आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात पौलाला करिंथ येथे गल्लियो नावाच्या रोमन अधिकाऱ्यापुढे उभे केल्याचे सांगितले आहे. ग्रीसमधल्या डेल्फी येथे सापडलेल्या दगडी लेखात क्लौद्य कैसराच्या पत्रात याच गल्लियोचे नाव येते आणि त्यावरून त्याची कारकीर्द ५१-५२ च्या आसपासची ठरते. पौलाच्या आयुष्यातल्या तारखा मागेपुढे मोजल्या जातात त्या प्रामुख्याने या एका खुंटीला धरून.

येशूला वधस्तंभावर दिले ते पंतय पिलात यहूदीयाचा सुभेदार असताना, म्हणजे इ.स. २६ ते ३६ या दरम्यान. अभ्यासक साधारणतः ३० किंवा ३३ हे वर्ष धरतात. म्हणजे हे पत्र त्या घटनेनंतर वीसेक वर्षांत लिहिले गेले आणि लिहिणाऱ्याने येशूला त्याच्या हयातीत पाहिलेले नव्हते. वाचताना वहीत दोन रकाने पाडावेत. पौल येशूबद्दल काय सांगतो ते डावीकडे आणि आपल्याला ऐकून माहीत असलेले पण येथे नसलेले उजवीकडे लिहावे. उजवा रकाना भराभर भरेल. बेथलेहेम नाही, दाखले नाहीत, चमत्कार नाहीत, मरीयेचे नावही नाही. थेस्सलनीकाच्या लोकांना पडलेली चिंता निराळीच आहे. प्रभू लवकरच परत येणार असे ते धरून चालले होते आणि मधल्या काळात त्यांच्यातली काही माणसे मरण पावली, तर त्यांचे काय होणार? चौथ्या अध्यायात पौल त्याचे उत्तर देतो. एका तरुण समाजाची ही खरी धाकधूक आहे आणि ती आपल्याला थेट ऐकू येते.

यानंतर गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय घ्यावेत. येथे पौल स्वतःची हकिकत रागाच्या भरात सांगतो. आपण मंडळीचा छळ करीत होतो, मग पालट झाला, तीन वर्षांनी यरुशलेमेस जाऊन केफाजवळ म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ पंधरा दिवस राहिलो, प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो, चौदा वर्षांनी पुन्हा तेथे गेलो. नंतर अंत्युखियात यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायला बसण्यावरून आपण पेत्राला तोंडावर बोललो, हेही तो लपवत नाही. कोणाच्या पंक्तीला कोणी बसावे हा प्रश्न मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हे अध्याय वाचल्यावर समजते की आरंभीची मंडळी एकमताने चालणारी नव्हती आणि सुंता, खाणेपिणे, नियमशास्त्र यांवरून तिच्यात खरोखरीचे भांडण होते.

मग करिंथकरांस पहिले पत्र. ते पूर्ण वाचावे, पण तीन ठिकाणी थांबावे. पहिले ठिकाण पहिल्याच अध्यायात आहे. पौल म्हणतो की क्रिस्प आणि गायस यांच्यावाचून तुमच्यापैकी कोणाचा मी बाप्तिस्मा केला नाही. लगेच त्याला आठवते, की स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता, आणि त्यापुढे आणखी कोणाचा केला असल्यास आपल्याला ठाऊक नाही, अशी तो पुस्ती जोडतो. पौल पत्रे सांगून लिहवून घेत असे. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तियस हा लेखनिक स्वतःच्या नावाने सलाम सांगतो. बोलता बोलता झालेली दुरुस्ती लेखनिकाने तशीच उतरवून घेतली आणि ती खोडून पत्र नव्याने लिहावे असे कोणाला वाटले नाही. धर्मग्रंथाच्या पानावर एका माणसाची विसरभोळी स्मृती अशी जपली गेली आहे. मला हे वचन फार आवडते.

दुसरे ठिकाण अकराव्या अध्यायात, प्रभुभोजनाच्या वर्णनात. येशूचे शब्द म्हणून पौल जे देतो ते शुभवर्तमानांच्या आधी लिहिले गेलेले आहेत. ते वहीत उतरवून ठेवावेत, पुढे मार्काच्या चौदाव्या अध्यायाशी ताडता येतील. तिसरे ठिकाण पंधराव्या अध्यायाच्या आरंभी. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला दिसला, मग बारा जणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना. पौल स्पष्ट सांगतो की हे मला जसे मिळाले तसे मी तुम्हांला सोपवले. वाक्यांची ठेवणही मुखोद्गत करण्यासारखी आहे. म्हणजे पत्र पन्नाशीतले असले तरी त्यातली ही घडी त्याहून जुनी आहे, आणि आपल्याला हाती लागणारा कथेचा सर्वांत जुना गाभा बहुधा हाच. त्यात रिकाम्या कबरेचा आणि स्त्रियांचा उल्लेख नाही, हेही वहीत नोंदवावे.

फिलेमोनाला लिहिलेले पत्र एका बैठकीत वाचून घ्यावे. अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवताना लिहिलेले ते खासगी शिफारसपत्र आहे. रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनाला ही सात पत्रे पौलाचीच याबद्दल अभ्यासकांत जवळपास एकमत आहे. उरलेल्या सहांबद्दल कमी-अधिक वाद आहे. ती नंतर वाचली तरी चालतील.

मग मार्क

चार शुभवर्तमानांत मार्काचे बहुधा पहिले. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमेचे मंदिर जमीनदोस्त केले, त्याच्या थोडे आधी किंवा नंतर ते लिहिले गेले असे सामान्यतः मानतात. सोळा अध्याय आहेत. दीड-दोन तास काढून ते सलग वाचावे, रोज एक अध्याय अशी फोड करू नये. लेखकाला घाई आहे. ‘लगेच’ या अर्थाचा ग्रीक शब्द तो चाळीसच्या आसपास वेळा वापरतो, आणि ही धावपळ तुकड्यातुकड्याने वाचताना हरवते.

येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिचे अवशेष येथे सापडतात : मुलीला उठवताना ‘तलीथा कूम’, गेथशेमानेत ‘अब्बा’, वधस्तंभावरची ती आर्त हाक. लेखक प्रत्येक वेळी अर्थ सांगतो, आणि सातव्या अध्यायात यहूद्यांच्या हात धुण्याच्या चालीही समजावतो. त्याच्या वाचकांना अरामी येत नव्हती आणि त्यांतले बरेच यहूदी नव्हते, हे त्यावरून उघड होते. असे आणखी एक ठिकाण पंधराव्या अध्यायात आहे. वधस्तंभ वाहायला लावलेला शिमोन कुरेनेकर हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप, असे मार्क सांगतो. मत्तय आणि लूक ही मुलांची नावे गाळतात. मार्काच्या पहिल्या वाचकांना ही दोन भावंडे ठाऊक असावीत, एवढाच अर्थ त्यातून निघू शकतो, पण तेवढ्यानेही लिखाणाभोवतीची माणसे क्षणभर दिसून जातात.

शेवटी सोळाव्या अध्यायात आठव्या वचनानंतर आपली प्रत काय करते ते पाहावे. बहुतेक प्रतींत तेथे कंस किंवा तळटीप असते. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनावरच संपतो : स्त्रिया कबरेतून पळाल्या आणि भ्यायल्यामुळे त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. पुढची वचने नंतर जोडली गेली. तेथे पुस्तक बंद करून मगच पुढे जावे. इतका अर्धवट वाटणारा शेवट मत्तय आणि लूक यांनी कसा हाताळला, हे पाहण्याची उत्सुकता तशीच राहू द्यावी.

मत्तय आणि लूक शेजारीशेजारी

आता पेन्सिली लागतील. मार्काच्या सुमारे ६६० वचनांपैकी सहाशेहून अधिक वचनांचा मजकूर मत्तयात कोणत्या ना कोणत्या रूपात येतो. एखादा प्रसंग घ्यावा, तिन्ही ठिकाणी काढावा आणि तिघांत समान असलेले एका रंगाने, मत्तय आणि लूक या दोघांतच असलेले दुसऱ्या रंगाने, एकट्यादुकट्याचे तिसऱ्या रंगाने अधोरेखित करावे. चार-पाच प्रसंग असे केले की मत्तय आणि लूक यांच्यापुढे मार्क होता, ही बहुतेक अभ्यासकांची धारणा स्वतः तपासून पाहता येते. दुसऱ्या रंगाखाली प्रामुख्याने येशूची वचने जमतात. ती दोघांनी एखाद्या आज हरवलेल्या वचनसंग्रहातून घेतली असावीत असा तर्क आहे, पण तसा संग्रह कोणाला सापडलेला नाही.

जन्मकथा सर्वांत शिकवणारी आहे. मार्कात आणि योहानात ती नाहीच. मत्तयात मागी लोक म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी येतात, राजा हेरोद चवताळतो, कुटुंब मिसरात पळते आणि परतल्यावर नासरेथात वस्तीला जाते. मागी येतात ते एका घरात, आणि किती जण आले हे सांगितलेले नाही. लूकमध्ये कुटुंब नासरेथचेच आहे, नावनिशीसाठी बेथलेहेमास जाते, बाळ गव्हाणीत ठेवले जाते आणि येतात ते मेंढपाळ. वसईत नाताळाला घरोघर जो गोठा मांडतात त्यात मेंढपाळही असतात आणि उंटांवरचे तीन राजेही. गोव्यात रेइश मागूश, चांदोर आणि कासावली येथे ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त होते. म्हणजे दोन लेखकांच्या दोन कथा परंपरेने एका देखाव्यात आणल्या आहेत, आणि मागींनी दिलेल्या तीन भेटवस्तूंवरून राजांची संख्याही ठरवून टाकली आहे. कालगणनेचीही अडचण आहे. थोरला हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला असे सर्वसाधारणपणे मानतात आणि लूक सांगतो ती, सिरियाचा सुभेदार क्विरीनिय याच्या काळची नावनिशी योसेफस या यहूदी इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार इ.स. ६ मधली. ही नऊ-दहा वर्षे जुळवण्याची खटपट पुष्कळांनी केली आहे. नवशिक्याने ती करू नये. दोघांना काय सांगायचे आहे ते आधी पाहावे : मत्तयाला मोशेची आठवण करून द्यायची आहे, लूकला दीनदुबळ्यांना मिळालेली वार्ता सांगायची आहे.

कथा एकत्र गुंफण्याची ही हौस जुनी आहे. इ.स. १७० च्या सुमारास तातियन या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमानांचे एक सलग कथानक केले आणि सिरियातील मंडळ्यांत ते बराच काळ वाचले जात होते. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या क्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र ओव्यांमध्ये असेच सलग गायले आहे. ऐकायला ते गोड आहे. अभ्यासाला बसताना मात्र पीळ उकलावा लागतो.

रिकाम्या कबरेचा प्रसंग चारही ठिकाणी काढून वहीत तक्ता करावा. मार्कात तीन स्त्रिया आणि पांढऱ्या झग्यातला एक तरुण. मत्तयात दोन स्त्रिया, भूकंप आणि एक देवदूत. लूकमध्ये मरीया मग्दालीया, योहान्ना, याकोबाची आई मरीया आणि इतर काही जणी, समोर दोन पुरुष. योहानात मरीया मग्दालीया एकटी येते आणि नंतर तिला दोन देवदूत दिसतात. मार्कात त्या कोणाला सांगत नाहीत, मत्तयात त्या भीतीने आणि मोठ्या आनंदाने शिष्यांना सांगायला धावतात. चारही ठिकाणी कायम राहणारे नाव एकच आहे, मरीया मग्दालीया हिचे.

योहान, कृत्ये आणि मागचे धागे

योहान वेगळा वाचावा, कारण त्याची मांडणीच वेगळी आहे. इतरांनी शेवटच्या आठवड्यात ठेवलेले मंदिराचे शुद्धीकरण तो दुसऱ्या अध्यायात आणतो. इतर तिघांत येशू वल्हांडण या यहूदी सणाचे भोजन करून मग पकडला जातो, योहानात वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच त्याला वधस्तंभावर देतात. लिखाण साधारण पहिल्या शतकाच्या अखेरचे मानतात. नव्या कराराचा सर्वांत जुना समजला जाणारा तुकडाही याच शुभवर्तमानाचा आहे : तळहातापेक्षा लहान पपायरसचा कपटा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, सामान्यतः दुसऱ्या शतकातला धरला जाणारा, मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात ठेवलेला. त्यावर पिलातापुढच्या सुनावणीच्या काही ओळी आहेत.

प्रेषितांची कृत्ये हा लूकच्याच लेखकाचा दुसरा भाग आहे. त्याचा १५ वा अध्याय आणि गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय शेजारी ठेवावेत. यरुशलेमेतली बैठक पौल सांगतो तशी आणि तीसेक वर्षांनी तिच्याकडे पाहणारा इतिहासलेखक सांगतो तशी, यांत सुरांचा बराच फरक आहे. कृत्यांत सगळे शांतपणे मिटते.

शुभवर्तमानांत ‘संदेष्ट्याच्या द्वारे सांगितले होते’ अशा अर्थाचे शब्द आले की संदर्भवचनावरून जुन्या करारातले मूळ ठिकाण काढून तो अख्खा अध्याय वाचावा. निदान यशया ७ आणि ५३, तसेच स्तोत्र २२ एवढे तरी. यशयाच्या सातव्या अध्यायात हिब्रू शब्दाचा अर्थ तरुणी असा आहे. मत्तयापुढे जुना ग्रीक अनुवाद होता आणि त्यात कुमारी या अर्थाचा शब्द होता.

सगळे संपल्यावर नव्या करारातल्या पुस्तकांची यादी कशी ठरली हा प्रश्न येतोच. ती ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत ठरली असे पुष्कळदा छापलेले दिसते, ते खरे नाही. १४४ च्या सुमारास रोममध्ये मार्कियन या वेगळा पंथ काढणाऱ्या शिक्षकाने स्वतःची आखूड यादी पुढे केली, १८० च्या आसपास आयरेनियस या बिशपाने शुभवर्तमाने चारच असे ठासून सांगितले, आणि नेमकी आजची २७ पुस्तके प्रथम दिसतात ती ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने लिहिलेल्या पत्रात.

यादीबाहेर राहिलेल्यांपैकी एक तरी वाचावे, आणि माझ्या मते ते ‘दिदाखे’ म्हणजे आरंभीच्या मंडळ्यांची छोटी नियमपुस्तिका असावे. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला हस्तलिखित सापडेपर्यंत ते जवळजवळ हरवलेलेच होते. त्यात सिद्धान्त थोडे आणि व्यवहार फार. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, तेवढेही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. उपास बुधवारी आणि शुक्रवारी करावा. दारी आलेल्या फिरत्या प्रेषिताचे स्वागत करावे, पण त्याने एकच दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्यावी, आणि त्याने पैसे मागितले तर तोही खोटा.